पंप तपासला, बरोबर

नव्या डॉक्टरीणबाईंना मी पहिल्याच आठवड्यात नाव ठेवलं, पुरावाबाई. पाठीमागे अर्थात, तोंडावर डॉक्टरच. वयानं माझ्या मुलीपेक्षा चार वर्षांनी मोठ्या, आवाज बारीक, चालणं भरभर. कोणी काहीही सांगितलं की मान जराशी कलती करून विचारायच्या, "हे आपल्याला कशावरून माहीत आहे?" आता सत्तावीस वर्षं दवाखान्यात काढलेल्या नर्सला कोणी असं विचारावं का? माझे केस काही उन्हात पांढरे झालेले नाहीत. कानामागून आली आणि तिखट झाली, असं मी रोज जेवताना नवऱ्याला सांगायचे आणि तो मान डोलवायचा. तो कशालाही मान डोलवतो.

मोठे डॉक्टर निवृत्त व्हायच्या आधी आमचं सगळं कसं बैजवार चाललं होतं. कंबर धरली की आठ दिवस अंथरुणात पडून राहायचं, मुलाला खोकला झाला की लाल औषध. पुरावाबाईंनी महिन्याभरात लाल औषधाच्या बाटल्या फळीवरून उतरवल्या. त्या औषधानं खोकला जातो असं कुठंच दिसून आलेलं नाही म्हणे, तो आपला आपण जातो. आणि कंबर धरून आलेल्या एका रंगाऱ्याला त्यांनी सांगितलं की झोपू नका, जमेल तेवढं चाला. बिचारा भिंत धरधरून घरी गेला. पाचव्या दिवशी तो शिडीवर उभा राहून कोणाची तरी खिडकी रंगवताना दिसला. मी म्हटलं, योगायोग.

मग बाईंनी मंगळवारची बैठक सुरू केली. दवाखाना उघडायच्या आधी वीस मिनिटं, इंजेक्शनच्या खोलीत, कारण खुर्च्या तिथंच आहेत. माणसं चारच. डॉक्टर, मी, औषधांच्या खिडकीतले काका आणि पुढच्या टेबलावरची चौकशी. काका माझ्याहून सहा वर्षांनी लहान आहेत, पण टक्कल पडल्यापासून सगळ्यांचे काका झाले. चौकशीच्या डोक्यावर 'चौकशी' अशी पाटी आहे आणि तिचा स्वभावही तोच, त्यामुळे तिचं खरं नाव आता तिच्या आईलाच आठवत असेल. बैठकीत एका वेळी एकच प्रश्न घ्यायचा. त्यावर जगात कुठं काय अभ्यास झालाय ते डॉक्टर थोडक्यात सांगणार आणि मग आपल्याकडे प्रत्यक्षात काय होतं ते आठवडाभर मोजायचं. मोजायचं, हा त्यांचा लाडका शब्द. "बाईंना विचारलं, जेवण झालं का," काका म्हणायचे, "तर म्हणतील थांबा, मोजून सांगते."

ही गोष्ट ज्या मंगळवारी सुरू झाली त्या दिवशी विषय होता दम्याचा पंप. तोंडात धरून ओढायचा तो.

"जिथं जिथं कोणी नीट बघितलं," डॉक्टर म्हणाल्या, "तिथं पुष्कळ माणसं पंप चुकीचा वापरताना सापडली आहेत. दाबतात, आवाज येतो, पण औषध छातीत पुरेसं पोचतच नाही. आणि..." इथं त्यांनी हातातल्या कागदात डोकं घातलं, "शिकवणारेसुद्धा बरेचदा चुकतात असं दिसलंय."

आमच्याकडे पंप शिकवणारी मी एकटी. चौकशी लगेच छताकडे बघायला लागली.

"इतरांचं मला माहीत नाही," मी म्हटलं. "माझे पेशंट चुकत नाहीत. रजिस्टर काढून बघा. दर वर्षी एकेकाला समोर बसवते, पंप ओढायला लावते आणि मगच शिक्का मारते. 'पंप तपासला, बरोबर.' खाली माझी सही. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

"मग तर छानच," डॉक्टर म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, त्याचाच मला जास्त राग आला. "मोजूनच टाकू या."

त्यांनी मला एक कागद दिला. त्यावर आठ चौकटी. टोपण काढणं, पंप हलवणं, आधी श्वास पूर्ण बाहेर सोडणं, ओठ घट्ट मिटणं, सावकाश आत ओढता ओढता दाबणं, ओढत राहणं, मग दहा मोजेपर्यंत श्वास रोखून धरणं, आणि दुसरा फवारा घ्यायच्या आधी थोडं थांबणं. पेशंटनं करून दाखवायचं, मी काही न बोलता बघायचं आणि प्रत्येक चौकटीत बरोबरची खूण नाहीतर फुली मारायची. यातलं मला नवीन काहीच नव्हतं. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी आठही पायऱ्या घडाघडा म्हणून दाखवल्या असत्या.

त्याच दिवशी अकराच्या सुमाराला टपालताई आली.

आमच्या दवाखान्याच्या मागं टेकडी आहे आणि तिच्यावर वरची वस्ती. तिथं गल्ल्या नाहीत, पायऱ्याच आहेत. गाडी जात नाही, सायकलही जात नाही. एकोणीस वर्षं तिथलं टपाल ही बाई खांद्यावरून वर नेते. उंच, चव्वेचाळीस वर्षांची, भरभर बोलणारी. कुठलं पाकीट दाराखालून सरकवायचं आणि कुठलं हातातच द्यायचं, हे तिला पत्त्यावरच्या अक्षरावरून कळतं. सहा वर्षांपूर्वी तिला दमा निघाला. पंप तिला मीच शिकवला. तरी दरवर्षी तिची धाप थोडी वाढतच गेली होती.

आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं वाटणाऱ्या त्या बाईच्या हातात त्या दिवशी स्वतःच्या नावाचं पाकीट होतं. तिच्या ऑफिसचं. महिन्याभरात दोनदा ती पायऱ्यांवर पिशवी उतरवून बसलेली लोकांनी पाहिली होती. साहेब माणूस चांगला होता, त्यानं काळजीनंच लिहिलं होतं. वरची फेरी हिला झेपते का, की हिला आत टपाल निवडायच्या टेबलावर बसवायचं, ते शनिवारच्या आत डॉक्टरांनी लिहून द्यावं.

"आत म्हणजे कसं, माहितीये ना सिस्टर?" टपालताई मला म्हणाली. "एक टेबल, एक स्टूल आणि वर दिवा. दिवसभर कप्प्यांत पाकिटं टाकायची. माझी आई शेवटची सात वर्षं खिडकीपाशी खुर्चीत बसून होती. तिलाही हेच होतं. मला वाटतं, माझीही खुर्ची आली."

"उगाच काहीतरी बरळू नकोस," मी तिच्यावर ओरडले. कोणाचं वाईट वाटलं की मी ओरडते. ही खोड मला लहानपणापासून आहे.

डॉक्टरांनी तिला फुंकायला लावलं. ती आकड्यांची नळी असते ना, जोरात फुंकलं की काटा पुढं सरकतो, आमच्याकडे तिला फुंकणीच म्हणतात. तिच्या उंचीच्या आणि वयाच्या बाईचा काटा चारशेच्या आसपास जायला हवा. तो दोनशे चाळीसला थांबला. तिनं पुन्हा फुंकलं, पुन्हा दोनशे चाळीस. तिसऱ्यांदा तर काटा थोडा अलीकडेच राहिला.

"पंप रोज घेता?"

"सकाळ-संध्याकाळ. सहा वर्षांत एकदा चुकवला नाही."

डॉक्टरांनी रजिस्टर उघडलं. सहा वर्षांचे सहा शिक्के. पंप तपासला, बरोबर. त्यांनी पान मिटलं. "म्हणजे एवढ्या औषधानं भागत नाहीये. सोबत गोळ्याही द्याव्या लागतील. आणि पत्र मी शुक्रवारी देते, पण मला वाटतं काही महिने तरी तुम्ही आत बसलेलं बरं."

पुरावाबाईंनी त्या दिवशी पहिल्यांदाच पुरावा मागितला नाही. माझी सही होती ना खाली. मला तर तेव्हा त्याचा अभिमानच वाटला.

बुधवारी मी मोजायला बसले. पहिले आले निवृत्त हेडमास्तर. टोपण काढलं, पंप हलवला, श्वास सोडला, ओठ मिटले, ओढता ओढता दाबलं. सगळं शिस्तीत. आणि पुढच्याच क्षणी माझ्याकडे बघून म्हणाले, "झालं."

बोलायला लागलं की श्वास बाहेर येतो, हे काही वेगळं सांगायला नको. आत गेलेलं औषध टेकायच्या आत बाहेर. सातव्या चौकटीत मी नाइलाजानं फुली मारली. जन्मभर तासाच्या घंटेवर जगलेला माणूस, त्याला कुठं दहापर्यंत थांबवणार, असं मी स्वतःला समजावलं. मग बेकरीवाली आली. तिनंही छान ओढलं आणि म्हणाली, "झालं." तिला दुकानात परत जायची घाई असणार. मग पंक्चरवाला. मग दोघी बहिणी, एकाच पंपावर वाद घालणाऱ्या, पण शेवटी दोघीही एका सुरात "झालं". संध्याकाळपर्यंत पाच जणांच्या पाच फुल्या, आणि सगळ्या सातव्या चौकटीत. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ते हेच, असं मी काकांना म्हटलं. इतकी वर्षं शिकवूनही लोक घाई करतात तर मी काय करू?

इतकी वर्षं मला हे दिसलं कसं नाही, हा प्रश्न तेव्हाच दारात आला होता. पण मी त्याला बाहेर बाकावर बसवून ठेवला.

गुरुवारी सकाळी चौकशीनं दारातून डोकं आत घातलं. "सिस्टर, आत चाललंय तरी काय? पार्टिशनमधून कालपासून एकच ऐकू येतंय. फस्स, झालं. फस्स, झालं. आणि सगळे अगदी तुमच्यासारखं म्हणतात."

"माझ्यासारखं म्हणजे?"

"म्हणजे तुमच्याच सुरात," ती म्हणाली आणि माझा चेहरा बघून तिनं डोकं बाहेर काढलं.

दहाच्या सुमाराला विणकामाची पिशवी घेऊन लोकरवाली आजी आली. ऐंशी वर्षांची, नजर कोणाचा एक टाका चुकला तरी दुरून दिसेल अशी. तिनं पंप ओढला आणि ठसक्यात म्हणाली, "झालं."

माझं डोकंच फिरलं. न बोलता बघायचं, हे मी विसरले. खणातून शिकवायचा रिकामा पंप काढला. "आजी, सत्तावीस वर्षं ओरडून ओरडून सांगतेय मी. असं करायचं नाही. हे बघा, असं करायचं." टोपण काढलं, हलवला, श्वास सोडला, ओठ मिटले, ओढता ओढता दाबलं. "झालं," मी म्हटलं.

आजीनं चष्म्यावरून माझ्याकडे शांतपणे बघितलं. "मग मी तरी काय वेगळं केलं?"

पार्टिशनच्या पलीकडे चौकशीला मोठा खोकला आला. तिला कसलाही खोकला नव्हता.

मी पुन्हा करून बघितलं. पुन्हा तेच, ओठ सुटायच्या आत शब्द बाहेर. तिसऱ्यांदा मी डाव्या हातानं तोंड दाबून धरलं आणि उजव्या हाताच्या बोटांवर मोजलं. दहा म्हणजे किती लांब असतं ते मला त्या दिवशी कळलं. मधेच माझ्या मनात आलं की हे मी आजवर कधीच केलेलं नाही, एकदाही नाही.

ही सवय कुठून आली तेही तिथंच बसल्या बसल्या आठवलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी मला लहान मुलांना लस टोचायचं काम होतं. सुई बाहेर काढली की मूल रडायच्या आत म्हणायचं, झालं. त्यांना धीर येतो. पुढं पंप शिकवायला लागले तेव्हा घाबरलेल्या माणसांना धीर द्यायला तोच शब्द तोंडात आला आणि तिथंच राहिला. श्वास रोखा, असं मी तोंडानं सांगत होतेच, पण लोक माझ्याकडे बघून शिकत होते. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

"आता काय करायचं ते सांग बाई," आजी म्हणाली. "माझी बस निघून जाईल."

मी तिला नव्यानं शिकवलं. तिनं दहा मोजले आणि वर दोन जास्तीचे मोजले, वय आहे म्हणून.

दुपारपर्यंत बारा जण झाले. अकरांच्या सातव्या चौकटीत फुली, एकाचं मात्र आठही बरोबर. तो माणूस महिन्यापूर्वीच दुसऱ्या गावाहून इथं राहायला आला होता. त्याला मी शिकवलेलं नव्हतं. एवढा स्पष्ट पुरावा पुरावाबाईंनाही कधी मिळाला नसेल.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. लाज वाटली म्हणजे काय वाटलं, ते सांगते. माझ्या हातचं काम मला चोख वाटत होतं आणि त्या चोखपणाच्या जिवावर मी सगळ्यांना बोलत होते. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधायला मी दिवा घेऊन फिरणारी बाई, माझं मुसळ ऐंशी वर्षांच्या आजीला दिसलं, मला नाही. संध्याकाळी नवऱ्याला सगळं सांगितलं. म्हटलं, कोणाला काही कळू न देता एकेकाला बोलावते आणि गुपचूप नव्यानं शिकवते, काम झाल्याशी कारण. मला वाटलं आता हा मान डोलवेल. त्यानं घास तसाच हातात धरला.

"आणि ती टपालवाली?" तो म्हणाला.

टपालताईचं पत्र दुसऱ्या दिवशी जायचं होतं. डॉक्टरांनी तो निकाल माझे सहा शिक्के बघून दिला होता. तिला नुसतं नव्यानं शिकवून भागणार नव्हतं. शिक्के चुकीचे होते हे कोणीतरी सांगायला हवं होतं आणि ते माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं. चौकशीला होतं म्हणा, पण ती माझ्याविरुद्ध असं काही सांगणार नाही.

शुक्रवारी मी नेहमीपेक्षा अर्धा तास आधी गेले. डॉक्टर टेबलापाशी बसून तेच पत्र लिहीत होत्या.

"ते थांबवा," मी म्हटलं. बसायला सांगायच्या आधीच मी बसले. "टपालताईच्या नावापुढचे सहाही शिक्के चुकीचे आहेत."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही तिला तपासलं नव्हतं?"

"तपासलं होतं. दर वर्षी, समोर बसवून. पण ती माझ्यासारखं करते का, एवढंच मी बघत होते. आणि ती अगदी माझ्यासारखंच करत होती." मग मी रिकामा पंप काढून त्यांना करून दाखवलं, 'झालं'सकट. मोजलेला कागद पुढं ठेवला.

त्या हसतील असं वाटलं होतं, किंवा ऐकवतील. दोन्ही केलं असतं तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी त्या अकरा फुल्या बोट ठेवून एकेक मोजल्या.

"मंगळवारी माझ्या हातात फुंकणी होती," त्या म्हणाल्या, "आणि तिच्या पिशवीत पंप होता. ओढून दाखवा, असं म्हणायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. मी तुमचा शिक्का बघितला आणि गोळ्या लिहायला घेतल्या. तुम्हा सगळ्यांना वीस मिनिटं शिकवून त्याच सकाळी मी स्वतः तेच केलं."

मग त्यांनी अर्धवट लिहिलेलं पत्र फाडलं आणि नवा कागद घेतला. चार आठवड्यांनी पुन्हा तपासून कळवू, तोवर फेरी बदलू नये, पिशवी निम्मी करावी, असं लिहिलं. गोळ्याही तोवर थांबवल्या. "पण सिस्टर, एक लक्षात ठेवा," त्या म्हणाल्या. "एवढ्यानं ती बरी होईलच असं नाही. कदाचित तिला खरंच जास्त औषध लागेल. आपल्याला माहीत नाही. मोजत राहू."

तो शब्द त्या दिवशी मला पहिल्यांदा टोचला नाही.

"तिला मी सांगू?" त्यांनी विचारलं.

"नको," मी म्हटलं. "शिकवलं मी, सांगायचंही मीच."

बारा वाजता टपालताई आली. फेरी अर्धी करून आली होती, दाराची चौकट धरून उभी राहिली. मी तिला इंजेक्शनच्या खोलीत बसवलं आणि दार लावलं. पार्टिशनला काही अर्थ नाही हे माहीत होतं, तरी लावलं. मग सगळं सांगितलं, आडवळण न घेता. चूक तिची नाही, पंपाची नाही, माझी आहे, हेही सांगितलं.

तिनं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "म्हणजे सहा वर्षं औषध बाहेरच पडत होतं?"

"थोडंफार आत गेलं असेल. पुरेसं नाही."

"आणि मला वाटत होतं, एवढं औषध घेऊनही माझी छाती ऐकत नाही." तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले. "रात्री झोपायच्या आधी मी तिला शिव्या घालायचे सिस्टर, माझ्याच छातीला. म्हणजे माझं आईसारखं होणार, हे अजून ठरलेलं नाही?"

"नाही ठरलेलं," मी म्हटलं आणि मला रडू आलं. मी पेशंटसमोर कधी रडत नाही. ती मात्र हसायला लागली, आणि हसता हसता तिला धाप लागली, म्हणून आम्ही लगेच पंप काढला आणि शिकायला बसलो. पहिल्या वेळी तिच्या तोंडून 'झालं' निघालंच. दुसऱ्या वेळी तिनं ओठ असे आवळले की गाल फुगले. चौथ्या वेळी जमलं.

पुढच्या मंगळवारच्या बैठकीत मी सगळ्यांसमोर सांगितलं. चौकशीला ते माहीतच होतं, तरी तिनं आ वासून ऐकल्यासारखं केलं, त्याबद्दल मी तिची ऋणी आहे. मग ठरलं की इथून पुढं शिकवणाऱ्यालाही दर महिन्याला दुसऱ्या कोणीतरी तपासायचं, कागद समोर धरून. सुरुवात डॉक्टरांपासून झाली. त्यांनी झोकात टोपण काढलं, श्वास सोडला, ओढला, दहा मोजले. चौकशीनं कागदावर ठळक फुली मारली. बाई पंप हलवायलाच विसरल्या होत्या. काका त्या दिवशी एवढे हसले की खिडकी दहा मिनिटं उशिरा उघडली. मी हसले नाही. म्हणजे, फार नाही.

रजिस्टरमध्ये पंपवाल्यांची त्रेचाळीस नावं निघाली. त्यांतल्या एकोणचाळीस जणांना मी शिकवलेलं होतं. मी एकेकाला फोन केला. "मी तुम्हाला चुकीचं शिकवलं, या आठवड्यात या, नव्यानं शिकवते," एवढंच बोलायचे. पहिले तीन फोन मी नंबर दोनदा-तीनदा अर्धवट सोडून केले, नंतर सवय झाली. हेडमास्तर म्हणाले, चूक कबूल करणारी विद्यार्थिनी त्यांना नोकरीत असताना एकही भेटली नव्हती. बेकरीवालीनं मात्र चांगलं खडसावलं, आणि ते योग्यच होतं.

टपालताई दर शुक्रवारी फुंकायला यायची. पहिल्या शुक्रवारी दोनशे साठ. दुसऱ्या शुक्रवारी दोनशे नव्वद. तिसऱ्या आठवड्यात सर्दी झाली आणि काटा होता तिथंच अडला. त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. चौथ्या शुक्रवारी तिनं फुंकलं, डॉक्टर वाकल्या, मी वाकले, दार उघडून चौकशीही वाकली. तीनशे पंचावन्न. डॉक्टरांनी तिला पुन्हा फुंकायला लावलं, कारण एका आकड्यावर त्यांचा विश्वास बसत नाही. तीनशे साठ. गोळ्यांची गरज नाही, फेरी चालू ठेवावी, असं पत्र त्यांनी तिथंच लिहून दिलं.

"पोस्टात टाकू?" चौकशीनं विचारलं.

"मी काय कामाला आहे मग?" टपालताई म्हणाली आणि पत्र स्वतःच्या पिशवीत टाकलं.

बाकीचे गेले, तरी ती माझ्या खोलीत थांबली. खुर्चीवर बसली नाही.

"सिस्टर, एक सांगू? मी तुमच्यावर रागावले होते. त्या दिवशी नाही. त्या दिवशी मला आनंदच झाला होता. नंतर, काल, सगळ्यात वरच्या घरी पोचले तेव्हा. दार वाजवलं आणि लक्षात आलं की मी मधे कुठं थांबलेच नाही. त्या घरच्या बाईनं विचारलं, बरं वाटतंय का, आणि मला एकदम भयंकर राग आला. सहा वर्षं मला असं चढता आलं असतं."

मी मान खाली घातली. ती वर्षं मी तिला परत देऊ शकत नव्हते.

"अर्धा तास तिथं पायरीवर बसून होते," ती म्हणाली, "धाप लागली म्हणून नाही, रागानं. मग उरलेली पत्रं वाटली." तिनं टेबलावरचा आठ चौकटींचा कागद उचलला, माझं पेन उचललं आणि माझ्या समोरच्या स्टुलावर बसली. "या महिन्याचं तुमचं तपासायचं राहिलंय ना? काढा पंप."

मी रिकामा पंप काढला. टोपण काढलं, हलवला, श्वास सोडला. तिनं एकेक खूण मारली. ओठ मिटले, सावकाश ओढता ओढता दाबलं, ओढत राहिले. मग ती मोठ्यानं मोजायला लागली. मुद्दाम सावकाश मोजत होती, आकड्यांमध्ये माझ्याकडे बघत, आणि सातनंतर तर चक्क थांबली. माझे डोळे बाहेर यायची वेळ आली, तरी मी श्वास सोडला नाही.